आज एकही मेसेज नाही

९ जून, सोमवार

ही वही खरं तर ऑफिसच्या नोंदींसाठी आणली होती. पण पहिल्या पानावरच लक्षात आलं की यातलं निम्मं दादांना दाखवण्यासारखं होणार नाही. तेव्हा ही माझी. ऑफिससाठी दुसरी आणेन.

पोलादपूरला एसटी स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. खोऱ्यातल्या गावांना इंटरनेट पुरवायचं, एवढंच काम. मालक सुहासदादा, तारा आणि खांब बघणारा दीपक, आणि आजपासून कॉम्प्युटर बघणारी मी. पुण्यातली कंपनी बंद पडली आणि मी बिरवाडीला आईकडे परत आले. आई इथे खोल्या घेऊन राहणाऱ्या कामगारांना जेवणाचे डबे देते. मी परत आले याचा तिला आनंद झाला की काळजी वाटली, हे तिने अजून सांगितलेलं नाही. तीन महिने दादा काम बघणार, मग कायम करायचं की नाही ते ठरणार.

काम असं. एका जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम अखंड चालू असतो. गावोगावच्या आमच्या प्रत्येक यंत्राला तो दर अर्ध्या मिनिटाला हाक मारतो. ओ आली तर ठीक. नाही आली तर 'बंद' अशी नोंद करतो आणि आमच्या मोबाइलवर मेसेज टाकतो. परत ओ आली की 'चालू', आणि पुन्हा मेसेज. अशा यंत्रांना तो होस्ट म्हणतो. होस्ट म्हणजे यजमान. एकूण एकशे बारा आहेत. आईला सांगितलं तर म्हणाली, "एक मिळायची मारामार आणि तू एकशे बारा सांभाळायला निघालीस."

१० जून, मंगळवार

सकाळी सात ते संध्याकाळी सात, दोनशे चौदा मेसेज. बसून मोजले. वीज गेली की अख्खं खोरं एकदम 'बंद' होतं आणि माझा मोबाइल थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत चालत जातो.

दीपकला विचारलं, "तुम्हालाही हे सगळे येतात ना?"

"येतात की. पण मी दोन वरसांपास्नं वाचत नाय," तो म्हणाला. "कोन शिव्या द्यायला लागला की समजतं, काय बंद हाय."

त्याने मेसेजचा आवाजच बंद करून टाकलाय. दादांनीही तेच केलंय. म्हणजे या एकशे बारा जणांची खबर घेणारी सध्या मी एकटीच आहे.

१२ जून, गुरुवार

मी एक नियम केला. ज्या घरात आपल्या यंत्राची पेटी बसवली आहे, तिथून 'बंद' आलं की लगेच त्या घरी फोन करायचा. नुसता प्लग निसटला असेल तर दीपकने डोंगर कशाला चढायचा?

आज उंबरकोंडपासून सुरुवात झाली. कापड्याच्या वरच्या अंगाला ही वाडी आहे. बावीस घरं, त्यातली चार उघडी, बाकीची मुंबईला. उघड्यांपैकी एक घर सोमा आणि जानकीबाई या म्हाताऱ्या नवराबायकोचं. त्यांच्या कौलांवर आमची डिशसारखी ताटली आणि आत भिंतीला पेटी. टॉवरकडून आलेलं इंटरनेट ती पकडते आणि खाली कापड्याच्या शाळेला देते. नऊ वाजून पाच मिनिटांनी मेसेज आला, मिनिटभरातच मी फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला.

"आजी, पोलादपूरच्या इंटरनेट ऑफिसातून बोलते. पेटीचा दिवा लागलाय का बघता?"

"लागला गो आता. उंदीर असल. प्लग हालला."

मी ठेवणार, तेवढ्यात म्हणाल्या, "तुजं हापिस ष्टँडासमोर ना? बघ जरा बाय, दहाची कापड्याची गाडी लागली का?"

मी खिडकीतून बघितलं. गाडी लागली होती. तसं सांगितलं. आतून एक पुरुषी आवाज आला, "तिला इचार, न्याहारी केली का."

"ह्यांचं आयकू नको. सगल्यांना इचारतात," जानकीबाई म्हणाल्या.

मी न्याहारी केली नव्हती. पण खोटंच हो म्हटलं.

१८ जून, बुधवार

उंबरकोंड पुन्हा. पुन्हा उंदीर. पेटी दोन मिनिटांत चालू झाली होती, तरी नियम म्हणून फोन केला. आज जानकीबाईंना विचारायचं होतं की उपकेंद्रातल्या नर्सबाई कापड्याला आज येणार की उद्या. सोमाआजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात. मला काय माहीत? पण उपकेंद्राची पेटीही आमचीच, नंबर होता. विचारून परत फोन केला. उद्या येणार.

"ह्यांना सांगते," त्या म्हणाल्या. आतून आजोबा म्हणाले की ही पोरगी तलाठ्यापेक्षा कामाची आहे. कौतुक ऐकायला मला फार आवडतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

२३ जून, सोमवार

उंबरकोंडचे उंदीर नेमाने काम करताहेत. गेल्या आठवडाभरात हा तिसरा फोन. आज विचारलं, "आजी, काही लागलं तर तुम्हीच का नाही फोन करत?"

हसल्या. "मला हिरवं बटान तेवढं समजतं. आकडे कुठं वलखतात? भरत रविवारी करतो, तवा हिरवं दाबते."

भरत त्यांचा मुलगा. नालासोपाऱ्याला रिक्षा चालवतो. गावाहून परत जाऊन सुखरूप पोचला की एक घंटी देऊन कापतो, ती उचलायची नाही असं ठरलंय. दोन घंट्या झाल्या तर उचलायचा. हे सगळं त्यांनी मला इतकं तपशिलात समजावलं की माझे बाकीचे अकरा मेसेज तसेच राहिले.

आईला हे सांगितलं की ती हसते. रोज विचारते, तुझी उंबरकोंडची आजी आज काय म्हणाली.

२७ जून, शुक्रवार

दादांनी समोर बसवलं. रागावले नाहीत. ते रागावत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. म्हणाले, "श्रुतिका, तू दिवसभर फोनवरच असतेस. मेसेज तुला नाचवतात. प्रोग्राम आपल्यासाठी आहे की आपण त्याच्यासाठी?"

खरं आहे. शिवाय कापड्याच्या शाळेने तक्रार केलीय की आठवड्यातून दोन-तीनदा चालू तासात पडदा दोन मिनिटं गोठतो. तो उंबरकोंडचाच प्रताप.

मग मी या प्रोग्रामचं माहितीपुस्तक उतरवून घेतलं. साडेतीनशे पानं. कोणत्या गोष्टीची खबर द्यायची आणि कोणती गिळायची, यावरच त्यात एक मोठा भाग आहे. मला वाटत होतं, बंद म्हणजे बंद. तसं नसतं.

३ जुलै, गुरुवार

तीन दिवस वाचून आज दोन नियम घातले. विसरू नये म्हणून साध्या शब्दांत लिहिते.

एकदा ओ आली नाही तर तो नुसता संशय. लागोपाठ तीनदा आली नाही तर खात्री. मेसेज खात्री झाल्यावरच जाईल.

दुसरा नियम मला फार आवडला. टॉवरच बंद पडला तर त्याच्या मागची सगळी गावं गप्प होतात. पण ती बंद नसतात, त्यांच्यापर्यंत पोचता येत नसतं. तेव्हा कळवायचं ते फक्त टॉवरचं. चाळीस जणांची चाळीस रडगाणी नकोत.

५ जुलै, शनिवार

दोनशे चौदावरून एकोणीस. दादांनी स्वतःच्या मोबाइलवर मेसेजचा आवाज पुन्हा चालू केला. दीपकसुद्धा आज एक मेसेज वाचून खांबावर गेला, तर खरंच तार तुटलेली होती. खाली उतरून मला म्हणाला, "आता ह्याच्यावर इस्वास ठेवाया हरकत नाय." याहून मोठं प्रशस्तिपत्रक मला पुण्यात मिळालं नव्हतं.

७ जुलै, सोमवार

एकोणीसपैकी उंबरकोंडचे अजून आहेतच. आज जुन्या नोंदी काढून नीट बघितल्या. प्रत्येक वेळी पेटी दोन-सव्वादोन मिनिटं बंद. प्लग लगेच लावला तरी पेटीला जागं व्हायला तेवढा वेळ लागतो, म्हणजे प्लग निघून लगेच परत लागतोय. वेळ कायम सकाळची किंवा दुपारची. रात्री एकदाही नाही. दिवसा प्लग काढणारे आणि लगेच परत लावणारे उंदीर. दीपकला दाखवलं तर तो म्हणाला, त्या वाडीला व्होल्टेजच कमी-जास्त होतं. मला पटलं.

मग उंबरकोंडसाठी वेगळा नियम केला. तीन मिनिटांच्या आत परत आली तर संशयातच सोडून द्यायचं, कळवायचं नाही. आणि पेटी सारखी बंद-चालू व्हायला लागली तर तिची फडफड चाललीय असं धरून, ती थांबेपर्यंत तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. फडफड हा माझा शब्द. पुस्तकातही काहीसा तसाच आहे.

१२ जुलै, शनिवार

उंबरकोंड पाच दिवस शांत. शाळेची तक्रार मात्र पुन्हा आली, मंगळवारी आणि शुक्रवारी दोन-दोन मिनिटं. व्होल्टेजला मी काय करणार?

आईने विचारलं, आजी काय म्हणते. मी म्हटलं, फोन करायची वेळच येत नाही, पेटी नीट चाललीय. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मग उगाच कर एक दिवस." सोमवारी करेन.

१६ जुलै, बुधवार

आज एकही मेसेज नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शून्य. मी दोनदा तपासलं, प्रोग्राम बंद तर पडला नाही ना. नव्हता. सगळं खोरं सुरळीत. खाली सगळीकडे भाताची आवणी चालू, लोक शेतात, ऑफिसात नुसती माशी घोंघावत होती. दादांनी भजी मागवली. आजच्या तारखेला गोल करून ठेवते. नोकरीतला पहिला निवांत दिवस.

१७ जुलै, गुरुवार

दीपक कापड्याला गेला होता. दुपारी आला तो मला म्हणाला, "तुमच्या उंबरकोंडच्या म्हाताऱ्याला काल लकवा मारला. डोलीत घालून खाली आनला. म्हाडला नेलाय."

सोमाआजोबा. मला त्यांचा फक्त आवाज माहीत आहे. अंगणात पानं उचलायला वाकले आणि तसेच कलंडले म्हणे. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं बंद. घरात दोघंच. बाकी तिन्ही घरं आवणीला खालच्या शेतात. जानकीबाई बराच वेळ घरीच थांबल्या, का ते कुणाला कळलं नाही, मग त्यांना तसंच टाकून खाली धावत गेल्या आणि माणसं घेऊन आल्या. दीपक म्हणाला, घाबरली असल बिचारी, काय सुचलं नसल.

घराला आता कुलूप आहे. त्यांनी जाताना मेन स्विच बंद केला असावा, कारण काल दुपारी कधीतरी पेटी बंद पडली ती पडलीच. तिचाही मेसेज मला आलेला नाही. तीन मिनिटांचा नियम कधीच उलटून गेला होता. मग का आला नाही, म्हणून नोंदी उघडल्या.

प्रोग्राम मेसेज गिळतो, पण नोंद ठेवतो. काल सकाळी आठ वाजून दहा मिनिटांपासून पावणेदहापर्यंत उंबरकोंड तेरा वेळा बंद-चालू झालंय. पहिल्या सहा-सात वेळा दोन-दोन मिनिटं, ते संशयात गेलं. मग फडफड धरली गेली आणि तोंड बंद. शेवटी शेवटी एकदा सलग दहा मिनिटं बंद होती. तीही गिळली गेली, आणि फडफडीचा शिक्का उठलाच नाही म्हणून दुपारची कायमचीसुद्धा.

व्होल्टेज. दुसरं काय असणार? पण मी अजून ऑफिसातच आहे आणि हे लिहिते आहे.

१९ जुलै, शनिवार

आज सगळं लिहायचं. सोडायचं काही नाही.

शाळेचं इंटरनेट तीन दिवस बंद, म्हणून घराची किल्ली मागायला मी महाडच्या दवाखान्यात गेले. भेटायला नाही, किल्लीसाठी. आईने डबा दिला तो हातात होता, एवढीच माणुसकी.

जानकीबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. व्हरांड्यात खांबाला टेकून एक बारीकशी बाई बसली होती, मांडीवर मोबाइल, दोन्ही हातांनी धरलेला. मी म्हटलं, "आजी, मी पोलादपूरच्या ऑफिसातली श्रुतिका."

ती उठून उभी राहिली. माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरी हायस ना गो तू?"

मला काही कळेना. मी म्हटलं, मला काय झालंय?

"तुजा फोन नाय आला. आदी दोन येलाबी नाय. तू तर लगेच करतेस. मी परत परत प्लग काडला, म्हटलं हिला काय झालं, आजारी पडली का, गाडीवरनं पडली का. ह्ये असे पडलेले आनि माज्या डोक्यात तू."

मी खाली बसले. ती पण बसली आणि तिने सांगितलं. मला जे महिनाभर कळलं नाही ते तिने डबा उघडता उघडता सांगितलं, जगात सगळ्यांनाच माहीत असल्यासारखं. पहिल्यांदा उंदरानेच प्लग हलवला होता. तेव्हा एका मिनिटात फोन आला. मग तिच्या लक्षात आलं की प्लग काढला की ऑफिसातली पोरगी हाक मारते. तिला फोन लावता येत नाही, पण प्लग काढता येतो. काढायचा, मोबाइल घेऊन पडवीच्या कोपऱ्यात रेंज मिळते तिथे उभं राहायचं, वाजला की हिरवं दाबायचं. गाडी आहे का, नर्सबाई येणार का, सगळं तसंच विचारलं.

"मग लगेच परत का लावायचात?" मी विचारलं.

"मिस कॉल एका घंटीवर कापायचा असतो ना," ती म्हणाली. "खाली शालेत पोरं शिकत असतात. त्यांचं किती येल बंद ठेवायचं?"

त्या दिवशी तिने आठ वाजून गेल्यावर पहिल्यांदा काढला. कोपऱ्यात उभी राहिली. फोन नाही. आत येऊन नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजायला गेली तर ते ओठांतून बाहेर. पुन्हा काढला. तेरा वेळा. शेवटी तिने मनाशी म्हटलं, पोरांचं होऊ दे नुकसान, आणि दहा मिनिटं तसाच ठेवला. मग धावत खाली गेली.

दीड तास.

त्या वेळात मी कुठे होते? सुरुवातीला बिरवाडीहून येताना एसटीत. खिडकीपाशी जागा मिळाली होती. मोबाइल हातात होता आणि वाजत नव्हता, म्हणून मी खूश होते.

मी तिला काही सांगितलं नाही. "हो, जरा बरं नव्हतं," असं म्हटलं. खोटं. तिने किल्ली दिली आणि म्हणाली, "जीवाला जप."

२० जुलै, रविवार

सकाळी आईचे डबे भरायला मदत केली. दोनदा वरणाऐवजी ताक भरलं. आईने विचारलं नाही. नंतर मीच सांगितलं, सगळं. आई पोळपाट पुसता पुसता म्हणाली, "तू मुद्दाम केलं नाहीस." मी म्हटलं, मुद्दामच केलं. उंदीर दिवसा काम करतात हे मी स्वतः लिहून ठेवलंय, ही बघ वही. उंदीर नसून माणूस आहे, एवढं मला कळायला हवं होतं. मी व्होल्टेज म्हटलं कारण व्होल्टेजशी बोलावं लागत नाही.

"मग तिला सांग," आई म्हणाली.

२१ जुलै, सोमवार

दीपकने घर उघडून पेटी चालू केली. प्लगच्या खालची भिंत हातांनी काळी झाली होती, असं तो म्हणाला. त्याने ते सहज सांगितलं.

दादांनी आज पत्र दिलं. तीन महिने थांबायची गरज नाही, तू कायम. "ऑफिस किती शांत झालंय," म्हणाले. मी पत्र घेतलं आणि थँक यू म्हटलं. दादांना अजून सांगितलेलं नाही. उद्या महाडला जाते, आधी तिला सांगायचं.

२२ जुलै, मंगळवार

अकराला पोचले. भरत आला होता, औषधं आणायला गेला. आत आजोबा कॉटवर होते. मी नमस्कार केला तर डावा हात थोडा उचलला. ते बोलायला गेले, तर नुसता घोगरा आवाज निघाला, आणि त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. डॉक्टरांना मी बाहेर गाठलं. म्हणाले, जीवाचा धोका टळला. याचं एक इंजेक्शन असतं, ते ठरावीक तासांत द्यावं लागतं. ते इथे नाही, पुढे न्यावं लागतं. दीड तास आधी आणलं असतं तर वेळेत पोचले असते का, हे ते खात्रीने सांगणार नाहीत. पण दीड तास थोडा नसतो.

मग आजीला घेऊन व्हरांड्यात आले आणि तिला सांगितलं. उभ्यानेच. "आजी, मी आजारी नव्हते. तुमच्या पेटीचे मेसेज सारखे यायचे म्हणून मीच ते बंद करून टाकले होते. तुम्ही प्लग काढत होतात, ते कॉम्प्युटरला कळत होतं. त्याने मला सांगू नये असं मीच त्याला सांगितलं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत राग होता का? असावा. मला तो हवा होता. तिने पदराने ओठ पुसले, आत कॉटकडे एकदा बघितलं. 

मग म्हणाली, "मंग आता चालू केलंस का?"

मी शिऱ्याचा डबा बाकावर ठेवला.

"गुरुवारी घरी जातोय. भरत चार दिस राहील आनि जाईल. मंग आमी दोगंच. ह्यांना हाक पन मारता येत नाय आता. म्हनून इचारते."

नव्हतं केलं. शनिवारी मला कळलं. रविवारी मी रडले, सोमवारी कायम झाले, आज डब्यात शिरा घेऊन माफी मागायला आले. या चार दिवसांत तो नियम तसाच होता. पेटी चालू झाल्यावर तिने परत प्लग काढला असता तर ती पुन्हा तशीच कोपऱ्यात उभी राहिली असती. मला फक्त माझं वाईट वाटणं दिसत होतं.

"नाही केलं," मी म्हटलं.

"मंग जा," ती म्हणाली. रागाने नाही. गाडी चुकेल म्हणून सांगावं तसं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

साडेबाराची गाडी मिळाली. दोनला ऑफिसात. दादा जेवायला बसले होते, त्यांना तसंच समोर बसून सगळं सांगितलं. घास हातात राहिला त्यांच्या. तो ताटात परत ठेवून म्हणाले, "त्या एका पेटीचा नियम वेगळा ठेवलास तर शाळेला काय सांगायचं?" मी म्हटलं, शाळेला खरं सांगू. मुलं दोन मिनिटं थांबतील. ते म्हणाले, "आणि तू नसशील तेव्हा?" दीपक दारात उभा होता. त्याने खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "माजाबी नंबर टाका."

उंबरकोंडला आता संशयाचा नियम नाही, फडफडीचा नाही. एकदा ओ आली नाही की मेसेज, तिघांनाही. एका मिनिटात कुणी 'मी बघतो' असं उत्तर टाकलं नाही तर प्रोग्राम पुन्हा तिघांना कळवेल, आणि कुणीतरी बघेपर्यंत कळवत राहील. टॉवर बंद असेल आणि पोचताच येत नसेल, तर तेही वेगळं कळवेल, म्हणजे आपण आपणहून फोन करायचा. दोन वाजून पन्नास मिनिटांनी चालू केलं. दीपकला उंबरकोंडला पाठवून प्लग काढून बघायला लावला. दोनदा. दोन्ही वेळा तिन्ही फोन वाजले.

भरतला एक सांगितलंय, मोबाइलचं दोनचं बटण दाबून धरलं की थेट मला लागेल असं करून दे. आजीला शिकव. तो म्हणाला, शिकेल, पण वेळ लागेल.

मग आजीला फोन लावला. पहिल्या घंटीला हिरवं बटण दाबलं गेलं.

"आजी, चालू केलं."

"केलंस?"

"केलं. आता मी नसले तरी कुणीतरी फोन करेल."

मागे दवाखान्याची गडबड ऐकू येत होती, कुणीतरी चाकांची गाडी ढकलत नेत होतं.

"बरं," ती म्हणाली. "थांब, ह्यांना सांगते." आणि फोन कानापासून दूर गेला. कॉटपाशी ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. मी ऐकत राहिले.